मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवर नॅनोकणांचे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः रुग्णाच्या घरच्यांसाठी आहेत. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं लायपोसोम, म्हणजे औषध वाहून नेणारे चरबीचे सूक्ष्म बुडबुडे, बनवायचं काम केलं आहे, त्यामुळे डोस किंवा सल्ला इथे मिळणार नाही, पण हे कण काय करतात आणि काय करू शकत नाहीत ते सांगू शकते. बातमीत ‘नॅनो’ हा शब्द आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. घरात कुणाला पार्किन्सन्स असतो, कुणाच्या मेंदूत गाठ निघालेली असते. त्या प्रत्येकाला मी आधी एवढंच म्हणते : कण किती लहान आहे ते नंतर बघू. औषध हव्या त्या जागी पोचलं का, पुरेसं पोचलं का आणि ते माणसात तपासलंय की उंदरात, हे आधी विचारा.

नॅनोकण म्हणजे नेमकं काय?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, तांबडी रक्तपेशी ७ हजारांच्या आसपास. औषधासाठी बनवलेले कण बहुतेक वेळा १० ते २०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. बहुतेक कण स्वतः औषध नसतात, औषधाचं वाहन असतात. काही मात्र स्वतःच काम करतात, उदाहरणार्थ चुंबकीय क्षेत्रात तापणारे लोह ऑक्साइडचे कण.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त वापरात असलेलं वाहन म्हणजे लायपोसोम. चरबीसारख्या रेणूंचा हा पोकळ बुडबुडा ॲलेक बँगहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात प्रथम ओळखला. तो बनवताना काचेच्या गोल चंबूत आतून चरबीचा पातळ पापुद्रा सुकवतात, त्यात कोमट पाणी घालून हलवतात. दुधासारखं पांढरं द्रावण तयार होतं. मग दोन काचेच्या सिरिंज समोरासमोर ठेवतात, मध्ये १०० नॅनोमीटर छिद्रांची चकती बसवतात आणि द्रावण इकडून तिकडे दाबतात. पहिल्या फेरीला अंगठा दुखून येतो. अकराव्या फेरीपर्यंत दट्ट्या सहज सरकायला लागतो, दूध निवळतं आणि त्यात निळसर झाक दिसते. फेऱ्या नेहमी विषम मोजायच्या, म्हणजे शेवटी माल पलीकडच्या सिरिंजमध्ये उतरतो आणि न गाळलेला थेंब त्यात मिसळत नाही.

मेंदूपर्यंत औषध पोचवणं इतकं अवघड का असतं?

१८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. शरीरातले बाकी अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. मेंदूच्या ऊतींना हा रंग धरत नसावा, असं त्यांना वाटलं. पुढे त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंग धरत होता, पण रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये काहीतरी आडवं येत होतं. ते काय आहे हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रीझ आणि कार्नोव्स्की यांना दिसलं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की त्यांच्यामधून जायला फटच उरत नाही. इतर अवयवांतल्या केशवाहिन्या एवढ्या कडक नसतात.

यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. फार लहान आणि चरबीत विरघळणारे रेणू यातून झिरपतात. बाकीच्यांसाठी पेशींवर ठरावीक दारं आहेत : ग्लुकोजचं वेगळं, अमिनो आम्लांचं वेगळं, लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिनचं वेगळं. जे चुकून आत शिरतं त्यातलं बरंचसं पेशीतले पंप परत रक्तात फेकतात.

पार्किन्सन्सच्या गोळीत हे सगळं प्रत्यक्ष बघायला मिळतं. आजारात कमी पडतं ते डोपामिन, पण डोपामिन रक्तात दिलं तर ते मेंदूत जात नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. तो अमिनो आम्लांच्या दारातून आत जातो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. काही रुग्णांना भरपूर प्रथिनं असलेल्या जेवणाबरोबर गोळी घेतली की ती कमी लागू पडते, कारण जेवणातली अमिनो आम्लं त्याच दारापाशी गर्दी करतात. अडथळ्याला फसवणारं हे औषध १९६०च्या दशकापासून वापरात आहे आणि त्यात नॅनो काहीच नाही.

मग नॅनोकण हा अडथळा पार कसा करतात?

‘कण इतके लहान की ते फटीतून निसटतात’ असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे. निरोगी मेंदूत ५० किंवा १०० नॅनोमीटरच्या कणाला निसटायला फट नसते. त्याला दारातूनच जावं लागतं, आणि दार उघडायला योग्य किल्ली अंगावर लागते.

किल्ली म्हणजे कणाच्या पृष्ठभागावर लावलेला असा रेणू, जो केशवाहिनीच्या पेशीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतो. पेशी त्याला गिळते, पलीकडे नेते आणि मेंदूच्या बाजूला सोडते. ट्रान्सफेरिनचं दार यासाठी सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलं आहे. १९९५ मध्ये जर्मनीत यॉर्ग क्रॉयटर यांच्या गटाने एक वेगळीच वाट दाखवली. डालार्जिन हे वेदनाशामक एरवी रक्तातून मेंदूत जात नाही. त्यांनी ते पॉलिमरच्या कणांवर चढवलं आणि कणांना पॉलिसॉर्बेट ८० या साबणासारख्या द्रव्याचा लेप दिला. उंदरांच्या वेदना कमी झाल्या. पुढे कळलं, की तो लेप रक्तातलं ॲपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन स्वतःवर ओढून घेतो आणि पेशी त्या कणाला चरबीचा नेहमीचा कण समजून आत घेते.

यात एक मोठी अडचणही आहे. कण रक्तात पडला की काही क्षणांत त्याच्याभोवती प्रथिनांचं कवच तयार होतं. परीक्षानळीत नीट काम करणारी किल्ली शरीरात त्या कवचाखाली झाकली जाऊ शकते. माझ्या मते या क्षेत्रातल्या निम्म्या निराशांचं मूळ इथेच आहे.

आत शिरल्यावरही प्रवास संपत नाही. मेंदूच्या पेशींमधली मोकळी जागा फार अरुंद असते. उंदरांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात ११४ नॅनोमीटरपर्यंतचे कण तिथून पसरू शकले, पण त्यांच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा म्हणजे ‘पेग’चा दाट थर होता म्हणून. तो थर विरळ असता तर ते जागीच चिकटून बसले असते.

अडथळा थोडा वेळ उघडण्याचाही एक मार्ग आहे. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि कवटीबाहेरून एका बिंदूवर अल्ट्रासाउंड केंद्रित करायचा. बुडबुडे थरथरतात, पेशींमधली शिवण काही तासांपुरती सैल होते. माणसात हे पहिल्यांदा २०१५ मध्ये टोरांटोत केलं गेलं. ते बुडबुडे नॅनो नसतात, त्याहून बरेच मोठे असतात, पण सैल झालेल्या शिवणीतून नॅनोकण नेता येतील का यावर आता पुष्कळ काम सुरू आहे.

इंजेक्शनमधलं किती औषध मेंदूत पोचतं?

थोडं. प्राण्यांवरच्या बहुतेक अभ्यासांत दिलेल्या डोसाचा एक टक्का आत गेला तरी तो चांगला निकाल धरतात. बाकीचा भाग यकृत आणि प्लीहा उचलतात. रक्तातले परके कण गाळणं हे त्यांचं कामच आहे. मेंदूच सोडा, शरीरातल्या कर्करोगाच्या इतर घट्ट गाठींपर्यंतही फारसं जात नाही : २०१६ मध्ये दहा वर्षांचे शोधनिबंध एकत्र तपासले गेले, तेव्हा गाठीत पोचलेल्या मात्रेचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा) ०.७ टक्के निघाला.

म्हणून ‘मेंदूतलं प्रमाण दहा पट वाढलं’ अशी बातमी वाचली की कशाच्या दहा पट ते बघा. ०.०५ टक्क्याचं ०.५ टक्के झालं, तरी ती वाढ दहा पटच असते. औषध जालीम असेल तर तेवढंही पुरतं, नसेल तर पुरत नाही.

आज डॉक्टर खरोखर वापरतात असं यातलं काही आहे का?

आहे. गंमत म्हणजे त्यातलं बहुतेक काही अडथळा हुशारीने पार करणारं नाही.

पहिलं उदाहरण बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचं. क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा मेंदूज्वर एचआयव्ही असलेल्या हजारो लोकांचा जीव घेतो. त्यावरचं ॲम्फोटेरिसिन बी हे जुनं औषध मूत्रपिंडांना फार त्रास देतं. तेच लायपोसोममध्ये भरलं की त्रास बराच कमी होतो आणि मोठा डोस देता येतो. बोट्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या एका मोठ्या चाचणीत, बरोबरीने तोंडाने घ्यायची दोन औषधं देऊन, लायपोसोमचा फक्त एक मोठा डोस वापरला गेला. तुलनेच्या गटाला जुनं औषध सात दिवस रोज शिरेतून मिळत होतं. दहा आठवड्यांनंतर नव्या पद्धतीच्या गटात २४.८ टक्के आणि जुन्या पद्धतीच्या गटात २८.७ टक्के रुग्ण दगावले होते, आणि नव्या गटात दुष्परिणामही कमी होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली. सात दिवसांच्या सलाइनऐवजी एक दिवस! जिथे वॉर्डात खाट मिळणं कठीण असतं, तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. या क्षेत्रातला माझा सगळ्यात आवडता निकाल हाच आहे.

दुसरं उदाहरण पॅटिसिरानचं. ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनात आनुवंशिक दोष असला की ते प्रथिन मज्जातंतूंमध्ये साचत जातं. पाय बधिर होतात, चालणं सुटतं, पुढे हृदयही धोक्यात येतं. हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं. पॅटिसिरानमध्ये लिपिडच्या म्हणजे चरबीच्या नॅनोकणाच्या पोटात आरएनएचा (जनुकाचा संदेश वाहणाऱ्या रेणूचा) एक छोटा तुकडा असतो, तो यकृतात जाऊन प्रथिनाचं उत्पादन बंद पाडतो. कण यकृतात अडकतात ही एरवीची डोकेदुखी, इथे तीच कामाला लावली. २२५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी औषध घेणाऱ्यांचा मज्जातंतूंच्या तपासणीतला सरासरी गुणांक किंचित सुधारला होता, खोट्या औषधाच्या गटाचा बराच बिघडला होता. अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. आरएनए हस्तक्षेपावर, म्हणजे आरएनएच्या तुकड्याने जनुकाचा संदेश अडवण्यावर, चालणारं ते पहिलंच मंजूर औषध. आजार मज्जातंतूंचा, पण औषध मेंदूच्या दारापाशी फिरकलंसुद्धा नाही.

तिसरं उदाहरण साधं आहे. स्किझोफ्रेनियासाठी महिन्यातून एकदा स्नायूत देतात ते पॅलिपेरिडोन पाल्मिटेटचं इंजेक्शन. यात औषधाचे स्फटिक दळून नॅनो आकाराचे केलेले असतात. ते हळूहळू विरघळतात, म्हणून रोजची गोळी चुकण्याचा प्रश्न राहत नाही. अमेरिकेत ते २००९ पासून आहे. घेणाऱ्या अनेकांना आपण नॅनो औषध घेतोय हे माहीतही नसतं.

निदानातही एक कण वापरतात. फेरुमॉक्सिटॉल हे मूळचं रक्तक्षयावरचं, लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांचं इंजेक्शन. काही केंद्रांमध्ये ते मेंदूच्या एमआरआयसाठी देतात. दाह असलेल्या जागेतल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, त्यामुळे ती जागा दिसू शकते. तीव्र ॲलर्जीचा धोका असल्यामुळे ते देताना देखरेख लागते.

मेंदूच्या गाठीसाठी, विशेषतः ग्लायोब्लास्टोमासाठी, काय आहे?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, मग रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या कर्करोगविरोधी औषधाच्या गोळ्या. रेडिएशनला या गोळ्यांची जोड दिल्यावर आयुष्याचा मध्यक १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेला, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या कमी फरकालाही जगभर स्वीकारलं गेलं यावरून हा आजार किती चिवट आहे ते समजावं. गाठीच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथे कण जाऊ शकतात. पण गाठ पुन्हा उगवते ती कडेच्या निरोगी दिसणाऱ्या भागात पसरलेल्या पेशींमधून, आणि तिथला अडथळा बऱ्याच अंशी शाबूत असतो.

जर्मनीत लोह ऑक्साइडचे साधारण १५ नॅनोमीटरचे कण थेट गाठीत टोचून, डोकं बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवून गाठ आतून तापवण्याची पद्धत निघाली. युरोपात तिला २०१० मध्ये मान्यता मिळाली. गाठ पुन्हा आलेल्या ५९ रुग्णांच्या अभ्यासात, बरोबरीने रेडिएशन देऊन, पुनरागमनानंतरचा आयुष्याचा मध्यक १३.४ महिने होता. पण त्या अभ्यासात तुलनेचा गटच नव्हता, त्यामुळे श्रेय नक्की कशाचं ते कळत नाही. शिवाय दोन गोष्टी जाहिरातीत सहसा ठळक दिसत नाहीत. उपचाराआधी दातांमधलं धातूचं भरण काढावं लागतं, कारण चुंबकीय क्षेत्रात तेही तापतं. आणि गाठीत लोह राहिल्यामुळे नंतरच्या एमआरआयमध्ये तो भाग नीट दिसत नाही. ज्या आजारात दर काही महिन्यांनी एमआरआयवरच सगळं ठरतं, तिथे ही किंमत लहान नाही.

दुसरा प्रकार रेडिएशनची धार वाढवणाऱ्या कणांचा. गॅडोलिनियम हा धातू असलेले जेमतेम ५ नॅनोमीटरचे कण शिरेतून देतात. ते गाठीत जमतात, एमआरआयवर दिसतात आणि किरणांचा परिणाम त्या जागी वाढवतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे, इतर अवयवांतून मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या १५ रुग्णांवर पहिली चाचणी झाली. कण गाठींत गेलेले दिसले आणि रुग्णांना ते सोसले. पुढच्या टप्प्यांशिवाय याहून जास्त काही म्हणता येत नाही.

२०२१ मध्ये आणखी एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. सोन्याच्या गाभ्याभोवती आरएनएचे तुकडे दाट बसवलेले कण ग्लायोब्लास्टोमा परतलेल्या आठ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी शिरेतून दिले आणि काढलेल्या गाठीत सोनं सापडलं. म्हणजे रक्तातून गाठीपर्यंत पोचता येतं हे माणसात दिसलं. आजार बरा झाला असा त्याचा अर्थ नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

अल्झायमरवर नॅनो औषध आलंय का?

नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळालेलं लेकॅनेमॅब ही अँटिबॉडी आहे, नॅनोकण नव्हे. गोंधळ होतो कारण दोन्ही बातम्यांत ‘मेंदूतला अमायलॉइड (या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन) साफ करतं’ असंच लिहिलेलं असतं. अमायलॉइडला चिकटणारे, गंज थांबवावा तसा पेशींचा ऑक्सिडेशनचा ताण कमी करणारे, आरएनए नेणारे असे कितीतरी कण उंदरांवर तपासले गेले आहेत. इथे मूळ अडचण वाहनाची नाहीच. उंदराला अल्झायमर होत नाही. माणसाची दोषी जनुकं घालून त्याच्यात त्या आजाराची थोडीफार नक्कल करतात. त्या नकलेवर लागू पडलेली साधी औषधंसुद्धा माणसात एकामागून एक अपयशी ठरली आहेत. नॅनो वाहनात बसवलं म्हणून चुकीचं औषध बरोबर होत नाही.

पार्किन्सन्स?

अजून प्रयोगशाळेतच. डोपामिन किंवा न्यूरॉनना जगवणारी प्रथिनं कणांत भरून नेण्याचे प्रयत्न प्राण्यांमध्ये चालू आहेत. आजच्या रुग्णाने गोळ्यांच्या वेळा पाळणं, व्यायाम आणि योग्य रुग्णांत मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया यांवरच भर द्यावा.

एएलएससाठी सोन्याचे कण पितात असं ऐकलं. खरं आहे का?

एएलएस म्हणजे स्नायू हलवणारे न्यूरॉन हळूहळू मरत जाण्याचा आजार. त्यासाठी हे कण चाचणीत दिले गेले आहेत, हे खरं. पाण्यात तरंगणारे शुद्ध सोन्याचे नॅनोस्फटिक रोज प्यायचे आणि त्यांनी न्यूरॉनचा ऊर्जाव्यवहार सुधारावा, अशी कल्पना. अमेरिकेतल्या अनेक औषधं एकाच वेळी तपासणाऱ्या मोठ्या एएलएस चाचणीत २०२२ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांच्या अखेरीस मुख्य निकषावर ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. काही दुय्यम निष्कर्षांवरून कंपनीने पुढे काम चालू ठेवलं आहे. मुख्य निकष हुकल्यावर दुय्यम निष्कर्ष म्हणजे पुढच्या चाचणीसाठीचा प्रश्न असतो, उत्तर नसतं. एएलएसच्या घरात एकेक महिना कसा मोजला जातो ते मी जवळून पाहिलं आहे. तिथे हे सांगणं जड जातं, पण सांगावं लागतं.

मज्जारज्जूला मार लागून पाय गेले, त्यावर काही?

माणसांसाठी मंजूर असं काही नाही. पण प्राण्यांमधलं एक काम मला मनापासून आशादायक वाटतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की प्रथिनांचे छोटे तुकडे द्रवरूपात मज्जारज्जूच्या जखमेभोवती टोचले तर ते तिथे आपोआप नॅनोतंतूंची जाळी विणतात. त्यांच्यावर वाढीचे संदेश देणारे रेणू असतात. हे रेणू तंतूत जितके जास्त हलते ठेवले, तितके ते पेशींच्या ग्राहकांना जास्त वेळा भिडले आणि परिणाम वाढला. दुखापतीनंतर एका दिवसाने दिलेल्या एकाच इंजेक्शनने लुळे पडलेले उंदीर चार आठवड्यांत चालू लागले. इथे अडथळा ओलांडायचा नव्हता, जागेवरच मचाण उभारायचं होतं, आणि म्हणूनच मला यात दम वाटतो. मात्र ते इंजेक्शन ताज्या जखमेत होतं. वर्षानुवर्षांच्या जुन्या दुखापतीबद्दल त्यावरून काही ठरवू नका.

नाकातून फवारा मारला की थेट मेंदूत जातं ना?

नाकाच्या छताशी वासाचे मज्जातंतू असतात आणि ते थेट मेंदूत जातात, हे बरोबर. २००४ मध्ये उंदरांच्या जातीच्या प्राण्यांना, रॅटना, कार्बनचे सूक्ष्म कण हुंगायला दिल्यावर ते मेंदूच्या गंधकेंद्रात सापडले होते. पण रॅटच्या नाकाचा मोठा भाग वास घेण्यासाठीच असतो, माणसाच्या नाकाचा फारच थोडा. वर आपला शेंबूड दर काही मिनिटांनी सगळं घशाकडे वाहून नेतो. वाट आहे, पण चिंचोळी.

पक्षाघात आणि फिट्सचं काय?

दोन्हींत नॅनोकण अजून प्राण्यांच्या प्रयोगांपुरते आहेत. पक्षाघातात लक्षणं दिसताच रुग्णालय गाठणं याला आज कुठलाही पर्याय नाही.

हे कण सुरक्षित असतात का?

‘नॅनो’ हा एक पदार्थ नाही, त्यामुळे एक उत्तर नाही. लायपोसोमचा बुडबुडा शरीरातल्या चरबीसारख्याच रेणूंचा बनलेला असतो आणि तो मोडला की शरीर ते रेणू वापरून टाकतं. सोनं मोडत नाही, यकृतात दीर्घकाळ राहू शकतं. कॅडमियम असलेले क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश टाकला की रंगीत उजळणारे नॅनोकण, प्रयोगशाळेत सुंदर चमकतात, पण कॅडमियम विषारी आहे, म्हणून ते माणसांत वापरण्याचा विचार मला पटत नाही.

लगेच दिसणारा त्रास म्हणजे सलाइन चालू असताना येणारी प्रतिक्रिया : चेहरा लाल होणं, धाप, पाठीत कळ. म्हणून अशी औषधं सावकाश सोडतात. पॅटिसिरानच्या आधी तर स्टिरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीविरोधी औषधं देऊनच सुरुवात करतात. रुग्णाच्या शेजारी बसलेल्या माणसाने पहिल्या काही मिनिटांत फोनमध्ये डोकं घालू नये, एवढं नक्की सांगेन.

कण एकमेकांना चिकटणं हा दुसरा धोका. सोन्याच्या कणांचं द्रावण माणकासारखं लाल असतं. त्यात साध्या मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाका, डोळ्यांदेखत ते जांभळं आणि मग निळं होतं, कारण कण गोळा झाले. रक्तही खारट असतं. म्हणून लेप न दिलेला कण शिरेत सोडत नाहीत आणि म्हणून प्रत्येक बॅचचा आकार मोजल्याशिवाय ती प्रयोगशाळेबाहेर जात नाही. लायपोसोमची कुपी चुकून गोठली तर ती वितळवून वापरायची नाही, फेकायची. बुडबुडे फुटलेले असतात, वरून काही कळत नाही.

दीर्घकाळाबद्दल सावध राहायला कारण आहे. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या नमुन्यांत मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोह ऑक्साइडचे, गोल नॅनोकण सापडले. ते बहुधा हवेतल्या प्रदूषणातून आलेले असावेत. त्यांनी आजार होतो हे सिद्ध झालेलं नाही, पण नको असलेले कण मेंदूत जाऊन राहू शकतात एवढं त्यातून दिसतं.

नॅनोबॉट मेंदूत फिरून दुरुस्ती करतील का?

चित्रात दिसतात तसे पाय आणि पकडी असलेले यंत्रमानव अस्तित्वात नाहीत. बाहेरच्या चुंबकाने ढकलता येणारे सूक्ष्म कण प्राण्यांमध्ये तपासले जात आहेत, पण त्यांना स्वतःची अक्कल नसते.

‘मेंदूसाठी नॅनो सिल्व्हर’, ‘नॅनो गोल्ड’ असे थेंब ऑनलाइन मिळतात. घ्यावेत का?

घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच स्पष्ट केलं, की विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या कोलॉइडल सिल्व्हरची उत्पादनं सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत. चांदी त्वचेत साचून माणूस कायमचा राखाडी-निळा पडू शकतो, आणि दीर्घकाळ घेतल्यावर फिट्स आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. मेंदूच्या रुग्णाला तर ही दुहेरी जोखीम. बाटलीवर कणांचा आकार, लेप आणि मात्रा तपासल्याचा काहीही पुरावा नसतो.

घरच्या माणसाला अशा चाचणीत घालायचं असेल, तर काय विचारावं?

आधी टप्पा विचारा. पहिल्या टप्प्यात औषध सोसतं का आणि किती सोसतं एवढंच बघतात. रुग्णाला फायदा व्हावा अशी इच्छा सगळ्यांची असते, पण चाचणी त्यासाठी आखलेली नसते. तुलनेचा गट आहे का, त्या गटाला नेहमीचे उपचार मिळणार का, तेही विचारा. अधिकृत चाचणीत औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी ‘चाचणी’ म्हणून मोठी रक्कम मागत असेल, तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि सार्वजनिक नोंदणी क्रमांक दाखवायला सांगा. दोन्ही नसतील तर उठून या.

मग कणाबद्दलचे प्रश्न. तो शिरेतून देणार की कवटीला छिद्र पाडून? शरीराबाहेर कसा पडतो, की पडतच नाही? नंतर रुग्णाला दुसऱ्या चाचणीत भाग घेता येईल का? कारण एका चाचणीत गेल्यामुळे दुसरीचं दार बंद होणं हे बऱ्याचदा घडतं आणि आधी कुणाच्या लक्षात येत नाही. रुग्णाला पूर्वी पेग असलेल्या कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल, तर न विचारता सांगा. संमतिपत्र घरी आणून वाचायचा तुम्हाला हक्क आहे, तिथल्या तिथे सही करू नका.

आणि कण धातूचा असेल, तर हा प्रश्न कागदावर लिहूनच न्या : ‘यानंतर एमआरआय काढता येईल का, आणि त्यात गाठ दिसेल का?’ उत्तर संमतिपत्रावर लिहून घ्या.